कुणी न शिकवलेले शब्द

पनवेलला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यामागे दहा बाय बाराची खोली होती. तिथे मी बावीस वर्षं काम केलं. बाहेरच्या पाटीवर ‘बालविकास तपासणी’ असं लिहिलेलं असे, पण लोकांच्या दृष्टीने मी मुलांची हुशारी मोजणारी बाई. “मॅडम, किती टक्के निघाला?” असं तपासणी संपल्यावर हमखास विचारलं जाई. मी टक्के काढत नसे. माझ्याकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात लाल ठोकळे, एक कप, गोट्या, जाड मणी आणि दोरा. कपाखाली गोटी लपवली तर नऊ-दहा महिन्यांचं मूल कप उचलून बघतं. त्याआधीच्या मुलाच्या लेखी ती गोटी जगातूनच गेलेली असते. कोणतं मूल कुठवर आलंय आणि कशामुळे मागे राहिलंय, एवढंच मी बघायची.

कारण शोधायला डब्याचा उपयोग नसे. त्यासाठी घर माहीत करून घ्यावं लागे. मूल खातं काय, झोपतं किती आणि दिवसभर त्याच्याशी बोलतं कोण. पोटातल्या नऊ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत डोकं ज्या वेगाने वाढतं, तसं पुन्हा कधी वाढत नाही. उरणकडच्या एका घरात अडीच वर्षांचा मुलगा काही केल्या लक्षच देत नसे, नुसता मलूल बसे. त्याच्या घरी गेले तर खाटेशेजारच्या मातीच्या भिंतीला, माझ्या गुडघ्याच्या थोडं वर, बशीएवढा खळगा पडलेला. गुळगुळीत. आई म्हणाली, “उंदरानं खाल्लं असेल.” उंदराने नव्हे, त्या मुलानेच ती भिंत महिनोन् महिने चाटली होती. अंगात रक्त इतकं कमी, की त्याची जीभ मातीच्या मागे लागली होती. लोहाच्या औषधावर तीन-चार महिन्यांत तो मुलगा बराच जागा झाला. त्याच्यावरून मी धडा घेतला, की घर बघितल्याशिवाय कागदावर काही लिहायचं नाही. घेतलेला धडा दरवेळी पाळला असता तर पुढचं सांगायची वेळ आली नसती.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. एक जोडपं पावणेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. नितीन आणि वैशाली, मूळचे यवतमाळकडचे. तो द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर, ती कळंबोलीच्या एका लॅबमध्ये. राहायला सुकापूरला, नव्या इमारतीत. मुलीचं नाव ईश्वरी.

बोलत नाही म्हणून आणलेल्या मुलाचे आईबाप ठरलेलं वाक्य बोलतात, “घरी सगळं बोलतो हो, इथेच गप्प.” मी तेच ऐकायच्या तयारीत होते. वैशाली म्हणाली, “मॅडम, ही आमच्याशी बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. पण बोलते.”

“म्हणजे?”

तिने नवऱ्याकडे बघितलं. नितीन खाली बघत म्हणाला, “एकटी असली की बोलते. पण ते आम्ही शिकवलेलं नाही.”

मी ईश्वरीला ठोकळे दिले. तिने आठांचा मनोरा रचला, न चुकता. गोटी तीन कपांपैकी एकाखाली लपवली, तिने ती पहिल्या झटक्यात काढली. बुद्धीने मंद असलेलं मूल असं करत नाही. पण एवढ्या वेळात तिने एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मूल आपल्याला हवं ते बोटाने दाखवतं आणि मग आपण बघतोय ना, हे तपासतं. हिने बोट उचललंच नाही. तिच्या लेखी त्या खोलीत माणूस नव्हताच.

मग ती उठली. खोलीला लागून छोटं संडास-बाथरूम होतं. ती आत गेली आणि काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्यासमोर, मान वर करून उभी राहिली. तीनदा खाकरली. कोरडं, म्हातारं खाकरणं. आणि बोलली.

“हाय का गो? हाय का बाय? नको रडू. मी हाय.”

आवाज तिचाच, बारीक. पण चाल सत्तरी-ऐंशीच्या बाईची, थकलेली, शब्दांच्या मध्ये उसासा टाकणारी. बोलून ती थांबली, कान देऊन. मग मान हलवली आणि म्हणाली, “जेवलीस का? जेवलीस. नीज आता.”

माझ्या हातातला ठोकळा तसाच राहिला. वैशाली रडायला लागली होती. “रविवारी आम्ही घरी असतो ना, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन असंच बोलते. मग थांबते. कोणी उत्तर देत असल्यासारखी. आमच्याकडे कोणी असं बोलतच नाही, मॅडम.”

दिवसा मुलीला कोण सांभाळतं, हे मी विचारलं. एक मावशी सकाळी आठला येते, संध्याकाळी सातपर्यंत असते. नांदेडची आहे. पोर त्रास देत नाही, शांत असते, असं ती सांगते. शेजार? तिसऱ्या मजल्यावर हेच एक कुटुंब. बाकीचे फ्लॅट लोकांनी पैसे गुंतवायला घेतलेले, रिकामे. खालच्या मजल्यावरही दाराला कायम कुलूप दिसतं.

मी कागदावर लिहिलं, ‘अर्थहीन पुनरुच्चार. नजरेला नजर नाही. स्वमग्नतेची शक्यता.’ आणि महिन्याने यायला सांगितलं. त्या दिवशी बाहेर अकरा जण बसले होते. हे मी कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नाही.

महिन्याने दोघंच आली. नितीनच्या आईने गावाहून येऊन एका रविवारी मुलीचं बोलणं ऐकलं होतं आणि हे बाहेरचं आहे असं ठरवलं होतं. कुणीतरी एक भगत गाठून दिला होता. तो म्हणाला, या जागेवर पूर्वी शेत होतं, तिथली एक म्हातारी मुलीत शिरली आहे. येत्या अमावास्येला, म्हणजे पाच दिवसांनी, तो मुलीच्या पोटावर डाग देणार होता. तापलेल्या विळ्याने.

“तुम्ही देऊ देणार?” मी विचारलं.

नितीन म्हणाला, “मॅडम, तुम्ही ऐकलंय ना तिचं बोलणं? मग तुम्हीच सांगा, ते कोणाचं आहे?”

“मला चार दिवस द्या,” एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले होते. ओल्या वालाच्या शेंगा घेत होते. विकणारी बाई आजूबाजूच्या कुठल्यातरी गावातली, आगरी. तिच्या शेजारी दुसरी बाई टोपली उतरवत होती, तिला ही म्हणाली, “आयलीस का गो बाय? जेवलीस का?” आणि मध्येच तसाच उसासा टाकला.

पिशवी हातात धरून मी तिथेच उभी राहिले. जन्म पनवेलात गेला माझा. ही बोली मी रोज ऐकत होते, म्हणूनच दवाखान्यात ती मला वेगळी ऐकू आली नव्हती. यवतमाळच्या आईबापांना ती ओळखता येणं शक्य नव्हतं, आणि मावशी नांदेडची. पण ईश्वरीला कुणीतरी ती दिली होती. इतके शब्द, इतकी पक्की चाल, एकदा-दोनदा ऐकून येत नाही. महिनोन् महिने, रोज, तासन् तास कुणीतरी या मुलीशी बोलत होतं. कुलपांच्या त्या मजल्यावर.

मी वैशालीला फोन केला. तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली. मावशीला न कळवता दुपारी दोनला आम्ही सुकापूरला पोचलो.

लोडशेडिंग चालू होतं. जिन्यात अंधार आणि नव्या रंगाचा वास. वॉचमन खुर्चीत झोपलेला. पहिला मजला, दुसरा मजला, सगळी दारं बंद, काहींच्या कडीला अजून बिल्डरचं प्लास्टिक गुंडाळलेलं. आमच्या चपलांचा आवाज वरून परत येत होता. तीनशे चारसमोर वैशाली थांबली. दाराला बाहेरून कुलूप होतं.

“मावशी आत असेल,” ती म्हणाली. दोघींनाही कळत होतं की ते शक्य नाही.

तिने पर्समधली किल्ली काढली. ती माझ्या हातात दिली, आणि कुलूप मी उघडलं. आत स्वयंपाकघराला कडी, बाल्कनीला कडी. बेडरूममध्ये जमिनीवर ताटलीत अर्धा वरणभात. मुलगी नाही. पंखा बंद, रस्त्यावरही काही वाजत नव्हतं. आणि त्या शांततेत बाथरूमच्या लोटलेल्या दारामागून ईश्वरीचा आवाज आला.

“मी हाय. तू हाय का?”

“हाय गो बाय. कुटं जानार मी?”

दुसरा आवाज. म्हातारा, खोल, भिंतीतून आल्यासारखा. वैशालीने माझा दंड धरला. तिची नखं रुतलेली मला संध्याकाळी दिसली. सगळं आयुष्य शास्त्राच्या बाजूने बोलण्यात गेलेल्या माझ्यासारख्या बाईला त्या क्षणी दार ढकलावंसं वाटेना, हे खरं सांगते.

शेवटी वैशालीनेच ढकललं. ईश्वरी उलट्या बादलीवर बसली होती, आमच्याकडे पाठ, मान वर, झरोक्याच्या पट्ट्यांकडे. आम्ही आल्याचं तिला कळलं असणार, पण ती वळली नाही.

“कोन आयला गो?” झरोक्याने विचारलं. “बाय? कोन हाय तुज्यासंगं?”

वैशाली किंचाळली. तिने मुलीला उचललं, आणि पावणेतीन वर्षांची ती मुलगी आईच्या हातातून झरोक्याकडे झेपावून, सगळ्या अंगाने ओरडून रडायला लागली.

मी बादलीवर चढून पट्ट्यांतून बघितलं. पलीकडे डक्ट होता, सगळ्या बाथरूमांचे पाइप जातात तो अंधारा चौकोनी पोकळ खांब. बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, तसाच झरोका. मी वाकून विचारलं, “आजी, तुम्ही कोण?”

खालून तीनदा खाकरल्याचा आवाज आला. मग, “तुमी आय हाव का तिची?”

खाली दोनशे चारच्या दारालाही बाहेरून कुलूप होतं. वॉचमनला उठवून त्या घरच्यांचा नंबर घेतला. अर्ध्या तासाने सून आली, सुरेखा, तिशीची. नवऱ्याच्या सिमेंट-रेतीच्या दुकानात ती बसायची. ज्या शेतावर इमारत उभी होती ते त्यांचंच. मोबदल्यात त्यांना चार फ्लॅट मिळाले होते. मी वरचं सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, “आमची सासू, म्याडम. तिचं डोकं फिरलंय. तिचं काय ऐकता?”

बाथरूमला लागूनच्या छोट्या खोलीत, खाटेवर भागीआजी पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसा एकटी असताना उठायचा प्रयत्न करते म्हणून घर बाहेरून बंद. रविवारी मुलगा तिला उचलून हॉलमध्ये टीव्हीसमोर नेऊन ठेवायचा, म्हणून रविवारी वरच्या हाकेला उत्तर यायचं नाही.

“आजी, वर मुलगी आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“वरीस झाला सांगतंय यांना,” ती म्हणाली. “वर पोर कोंडलीय. पोराला सांगतला, सुनंला सांगतला. वॉचमन बोलला वर कुनी नाय, कुलूप हाय. मंग डाक्टर आनला माज्यासाठी. झोपंच्या गोल्या दिल्या.”

गोळ्यांची पट्टी उशाशी होती. वर खरंच एक मूल रडत होतं, आणि ते ऐकू येतं असं सांगितल्याबद्दल या बाईला झोपवून ठेवत होते.

“मी गोली जिभंखाली धरायची,” आजी म्हणाली. “मी निजली त पोर कोनाशी बोलंल? ती रडायची, मी बोलायची. मंग ती बोलाय लागली. मी इचारायची, जेवलीस का? ती बोलायची, जेवलीस. तवा कलायचा, जेवलीय.”

एक गोष्ट मला इथे सांगायला हवी. मुलाला शब्द नुसते कानावर पडून येत नाहीत. तसं असतं तर दिवसभर टीव्हीसमोर बसलेली मुलं सगळ्यात आधी बोलली असती. मूल हुंकारतं, समोरचं माणूस त्याला उत्तर देतं आणि थांबतं, मूल पुन्हा हुंकारतं. या देवाणघेवाणीवर डोकं पोसलं जातं. भागीआजी थांबत होती. मुलीचं ऐकून मग बोलत होती. ईश्वरीच्या वाट्याला दिवसातून जे काही माणूस आलं, ते हे. फक्त त्याला तोंड नव्हतं. म्हणून ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. तिच्या अनुभवात बोलणं भिंतीतून यायचं.

पाचला मावशी आली. कुलूप उघडं बघून दारातच बसली. चार घरची धुणीभांडी ती याच वेळात करत होती. “ताई, गॅसला हात लावू नये म्हणून कड्या लावत होते. आधी लई रडायची, मग बाथरूमात गप बसायला लागली. मला वाटलं, तिला तिथं आवडतंय.” वैशालीने तिच्यावर हात उगारला आणि तो तसाच खाली घेतला. मला त्या दोघींचीही दया आली, आणि रागही दोघींचा आला. आणि एक राग राहिला तो माझ्या कागदावर लिहिलेल्या ‘अर्थहीन’ या शब्दाचा. आठवडाभरात त्यांचं घर बघायला गेले असते तर तीन आठवडे तरी वाचले असते.

भगत आला नाही. नितीन दुसऱ्या दिवशी खाली जाऊन भागीआजीच्या पाया पडला.

मला वाटलं होतं, आता समोरासमोर आणलं की संपलं. आम्ही ईश्वरीला आजीच्या खाटेजवळ नेलं. आजी बोलली, “आयलीस का गो बाय?” मुलीचं अंग ताठ झालं. आवाज ओळखीचा, पण तो एका चेहऱ्यातून येतोय, ओठ हलताहेत, हे तिला सोसेना. तिने तळहात आजीच्या तोंडावर दाबला. मग आजीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे वळवला, आणि स्वतः लागूनच्या बाथरूममध्ये झरोक्याखाली जाऊन उभी राहिली. तिची आजी अजून तिथेच होती.

“असू दे,” आजी म्हणाली. तिच्या अधू डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “मलापन ती दिसत नाय. आमी दोगी सारख्याच.”

मग मी रोज दुपारी रिक्षाने सुकापूरला जायला लागले. ईश्वरीला आजीकडे पाठ करून बसवायचं, आजीने बोलायचं. रोज थोडं वळवायचं. पहिल्यांदा हात धरू दिला तो नवव्या-दहाव्या दिवशी. वैशालीने दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आणि आजीच्या खाटेवर बसून तीही बोलायला लागली, आजीच्याच बोलीत, चुकतमाकत, कारण मुलीला तीच कळत होती. दीड महिन्याने एका दुपारी ईश्वरी खाटेजवळ बसली होती. बाहेर कावळा ओरडला. तिने खिडकीकडे बोट केलं आणि आधी आजीच्या, मग आईच्या तोंडाकडे बघितलं. हे बोट दहाव्या-बाराव्या महिन्यात यायला हवं होतं. वैशालीने मला मिठी मारली. आजीला दिसलं नव्हतं. “काय झाला? काय झाला?” म्हणून ती विचारत राहिली.

ईश्वरी शाळेत एक वर्ष उशिरा गेली. सरळ सांगायचं तर सगळं भरून आलं नाही. गोंगाटात तिला बोलणं लवकर समजत नसे, आणि नवीन माणसाशी बोलताना बराच काळ ती डोळे मिटायची. पण ती शिकली, आणि नितीनची दुसरीकडे बदली झाली तेव्हा चौथीत होती. भागीआजी त्याच्या दोन वर्षं आधी गेली. त्या दिवशी ईश्वरीने तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला, असं वैशालीने सांगितलं.

आजी गेल्यानंतरच्या वर्षी सुरेखा दवाखान्यात आली. तिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं होतं, सहा महिन्यांचा मुलगा. नेहमीची तपासणी होती. बाळाला मांडीवर घेऊन ती बसली, आणि मी डबा उघडत असताना एकदम म्हणाली, “म्याडम, एक सांगू?”

“सांग.”

“दुपारी एकला मी सासूला जेवायला घालाया घरी यायची. तवा वर पोर रडायची. मलापन ऐकू यायचं.”

मी वर बघितलं. ती बाळाचं झबलं सारखं करत होती.

“वर जायचं म्हटलं तर भांडण, पोलीस, इमारतीचं नाव खराब. अजून फ्लॅट विकायचे होते आमचे. मी नळ सोडून ठेवायची, बादली भरंपर्यंत. नळाच्या आवाजात नाय ऐकू यायचं. सासू बोलायची, ऐक, ऐक. मी बोलायची, काय नाय, तुला भास होतोय.” मग हळूच विचारलं, “याला काय होनार नाय ना म्याडम?”

या वयाला कान तपासतात. मी तिच्या मागे जाऊन, बाळाला दिसणार नाही अशी, लहान घंटी वाजवली. त्याने लगेच मान वळवली आणि हसला.

“ऐकू येतं,” मी म्हटलं, आणि कागदावर तसं लिहिलं.